वेगाची किंमत : फुटबॉलपटू मायकेल ओवेन



क्रीडा-सप्ताह जवळ आला की आपल्या मैदानाची माती संध्याकाळी उशिरापर्यंत उडत असते. परवा सराव पाहायला उभा होतो, तेव्हा आठवीतल्या दोन-तीन मुलांनी मला गाठले. "सर, फुटबॉलमध्ये सगळ्यात फास्ट कोण?" असे विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगून टाकले, "एमबापे!" मी म्हटले, असेल बाबा. पण मी तरुण असताना इंग्लंडचा एक मुलगा असा पळत असे की त्याच्या मागे लागलेले बचावपटू जागीच उभे असल्यासारखे वाटत. त्याचे नाव त्या मुलांनी ऐकलेले नव्हते. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी मी शिकलो ती घरात, आईकडून. लेखात कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

खेळाडूच्या घरातला मुलगा

मायकेल ओवेनचा जन्म १४ डिसेंबर १९७९ रोजी इंग्लंडमधील चेस्टर या गावी झाला. चेस्टर वेल्सच्या सीमेला अगदी लागून आहे. त्याचे बालपण सीमेपलीकडे, वेल्समधल्या हावार्डन या लहान गावात गेले. वडील टेरी ओवेन हे स्वतः व्यावसायिक फुटबॉलपटू होते. एव्हर्टन आणि चेस्टर सिटी या क्लबांकडून ते खेळले होते. मुलाच्या पायात काय आहे हे त्यांनी लवकर ओळखले.

मायकेल तिथल्या जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांच्या संघातून खेळू लागला. याच संघातून पूर्वी इयान रश खेळला होता, जो पुढे लिव्हरपूलचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. रशने लहानपणी केलेला एका मोसमातील गोलांचा विक्रम दहा वर्षांच्या मायकेलने मोडला. मग मोठमोठे क्लब त्याच्या दाराशी येऊ लागले. लिव्हरपूलच्या युवा विभागाचे काम पाहणारे स्टीव्ह हायवे यांनी त्याला आपल्याकडे वळवले.

चौदाव्या वर्षी तो लिलशॉल येथील फुटबॉल संघटनेच्या राष्ट्रीय निवासी प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. तिथे राहून त्याने फुटबॉलबरोबर शाळेचा अभ्यासही पुरा केला. (पालकांनी ही ओळ मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी.) १९९६ मध्ये लिव्हरपूलच्या युवा संघाने एफए युथ कप जिंकला, त्यात ओवेनचा वाटा मोठा होता. ६ मे १९९७ रोजी विम्बल्डनविरुद्ध तो लिव्हरपूलच्या मुख्य संघातून पहिल्यांदा उतरला, तोही बदली खेळाडू म्हणून. त्याच सामन्यात त्याने गोल केला. तेव्हा त्याचे वय सतरा होते, म्हणजे आपल्या बारावीतल्या मुलाएवढे.

अठराव्या वर्षी

पुढचा १९९७-९८ चा मोसम हा त्याचा पहिला पूर्ण मोसम. त्यात तो लिव्हरपूलसाठी ४४ सामने खेळला. प्रीमियर लीगमध्ये त्याने १८ गोल केले आणि डिऑन डब्लिन व ख्रिस सटन यांच्यासह तो सर्वाधिक गोल करणारा ठरला. फेब्रुवारी १९९८ मध्ये चिलीविरुद्ध तो इंग्लंडच्या संघात आला. विसाव्या शतकात इंग्लंडकडून खेळलेला तो सर्वांत लहान वयाचा खेळाडू होता.

त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये विश्वचषक होता. सुरुवातीला त्याला राखीव ठेवले होते. रुमानियाविरुद्ध तो उशिरा मैदानात आला आणि त्याने गोल करून इंग्लंडला बरोबरीत आणले. इंग्लंड तो सामना शेवटच्या क्षणी २-१ असा हरला, पण लोकांनी नाव लक्षात ठेवले.

मग आला ३० जून १९९८ चा सामना. सेंट-एतिएन शहर, समोर अर्जेंटिना. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी नुकताच नोकरीला लागलेला शिक्षक. शेजारच्या काकांकडे मोठा टीव्ही होता, तिथे आम्ही पाच-सहा जण अंधारात बसलो होतो, आवाज बारीक करून, कारण आत काकू झोपल्या होत्या. दहा मिनिटांच्या आत दोन्ही संघांनी पेनल्टीवर एकेक गोल केला. त्यातली इंग्लंडची पेनल्टी ओवेनच्या धावेमुळेच मिळालेली होती.

सोळाव्या मिनिटाला मध्यरेषेजवळ डेव्हिड बेकहॅमने चेंडू ओवेनकडे दिला. ओवेनने बाहेरच्या पायाने तो पुढे ढकलला आणि धावायला लागला. शामो त्याच्या खांद्याला खांदा लावून पळत होता, तो मागे पडला. पुढे आयाला उभा होता, त्याच्या उजवीकडून हा निसटला. उजव्या बाजूने पॉल स्कोल्स धावत येत होता, चेंडू जणू त्याच्यासाठीच होता. पण ओवेनने स्वतःच फटका मारला. गोलरक्षक रोआच्या वरून चेंडू जाळीच्या दूरच्या कोपऱ्यात गेला. आवाज बारीक ठेवायचा हे आम्ही सगळे विसरलो. काकू उठून बाहेर आल्या आणि त्यांनी विचारले, "काय, भारत जिंकला का?"

इंग्लंड तो सामना जिंकला नाही. बेकहॅमला लाल कार्ड मिळाले, सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिनाने ४-३ अशी बाजी मारली. ओवेनने आपली पेनल्टी मात्र चुकवली नाही. साडेअठरा वर्षांचा तो मुलगा एका रात्रीत जगभर माहीत झाला. त्या वर्षी बीबीसीने त्याला वर्षातील सर्वश्रेष्ठ क्रीडा-व्यक्तिमत्त्व म्हणून गौरवले.

वेगाचा उपयोग कसा होतो?

विद्यार्थी मित्रांनो, इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. फुटबॉलमध्ये नुसते जोरात पळता येणे पुरत नाही. पळायला सुरुवात कधी करायची, हे कळावे लागते.

फुटबॉलमध्ये ऑफसाइडचा नियम आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात सहकारी जेव्हा चेंडू पुढे मारतो त्या क्षणी आक्रमक खेळाडू चेंडूच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असता कामा नये. गोलरक्षक सहसा सर्वांत शेवटी असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूची रेषा हीच आक्रमकाची लक्ष्मणरेषा. ओवेन त्या रेषेवर, दोन बचावपटूंच्या मध्ये, उभा राहायचा. चेंडू सुटला की तोही सुटायचा.

आता गणित पाहा. समजा दोघेही सेकंदाला ८ मीटर वेगाने पळतात. बचावपटूचे तोंड चेंडूकडे, म्हणजे गोलच्या उलट दिशेला असते. त्याला वळून धावायला समजा अर्धा सेकंद जास्त लागला, तर आक्रमक ४ मीटर पुढे गेला. वेग सारखा असूनही चार मीटर! त्यात आक्रमकाचा वेगच जास्त असेल तर बचावपटूने काय करावे? तो आधीपासूनच दोन पावले मागे सरकून उभा राहतो. सगळा बचाव मागे सरकला की मधल्या खेळाडूंना मोकळी जागा मिळते. म्हणजे वेगवान खेळाडू चेंडूला पाय न लावताही आपल्या संघाच्या उपयोगी पडतो. ओवेनची नुसती उपस्थिती हे काम करीत असे.

१२ एप्रिल १९९९

१९९८-९९ च्या मोसमातही ओवेनने लीगमध्ये १८ गोल केले आणि पुन्हा संयुक्तपणे पहिला आला. पण तो मोसम त्याने पुरा केलाच नाही. १२ एप्रिल १९९९ रोजी लीड्सच्या मैदानावर एका चेंडूमागे तो नेहमीप्रमाणे सुसाट धावला आणि मध्येच मांडी धरून थांबला. कोणी धक्का दिला नव्हता, कोणी पाय घातला नव्हता. उजव्या मांडीच्या मागची मांसपेशी तुटली होती. वय वर्षे एकोणीस आणि चार महिने.

पुढे कितीतरी वर्षांनी ओवेनने स्वतःच सांगितले की आपल्या कारकिर्दीचा खरा उतार त्या दिवशी सुरू झाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर तो डाव्या पायात तीन आणि उजव्या पायात दोनच हॅमस्ट्रिंग घेऊन पळत होता. हे वाक्य नीट समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल.

मांडीच्या मागे काय असते?

खुर्चीत बसून गुडघ्याच्या मागच्या बाजूला हात लावा. दोन्ही कडांना दोरीसारखे काही ताठ लागते ना? मांडीच्या मागच्या स्नायूंची ती टोके आहेत. या स्नायूंना हॅमस्ट्रिंग म्हणतात. (आम्ही हिंदीत मांसपेशी शिकलो, तुम्ही स्नायू म्हणता.) प्रत्येक पायात हे मुख्यतः तीन असतात. ते वर बसण्याच्या हाडापासून निघतात आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे, नडगीच्या हाडांना जाऊन मिळतात. म्हणजे खुबा आणि गुडघा, असे दोन सांधे ते एकाच वेळी सांभाळतात. गुडघा वाकवणे आणि मांडी मागे खेचणे ही त्यांची दोन कामे.

भरधाव पळताना पाय हवेत पुढे फेकला जातो. तो जमिनीला टेकण्याच्या जरा आधी नडगी जोरात पुढे झेपावत असते आणि तिला रोखण्याचे काम याच स्नायूंवर येते. गंमत अशी की त्या क्षणी स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी जोर लावून आकसण्याचा प्रयत्नही करीत असतो. विहिरीतून भरलेला पोहरा सरसर खाली सुटला आणि तुम्ही दोर एकदम घट्ट धरला, तर हाताला कसा हिसका बसतो? तसाच हिसका प्रत्येक पावलाला बसतो. जितका वेग जास्त, तितका हिसका मोठा. म्हणूनच ही दुखापत सावकाश पळणाऱ्यापेक्षा वेगाने पळणाऱ्याला जास्त होते. देवाने ज्याला वेग दिला, त्यालाच हा धोकाही दिला.

दुखापतीचे प्रकारही असतात. काही तंतू ताणले गेले तर ते काही दिवसांत भरून येतात. बरेच तंतू फाटले तर काही आठवडे लागतात. पूर्ण तुटले तर काही महिने जातात, कधी शस्त्रक्रिया लागते. फाटलेली जागा भरून येते ती बऱ्याच अंशी घट्ट, कमी लवचीक धाग्यांनी. रफू केलेल्या कापडासारखी ती दिसायला ठीक असते, पण ताण आला की पूर्वीसारखी ताणली जात नाही. हा स्नायू एकदा दुखावला तर पुन्हा दुखावण्याची शक्यता बरीच वाढते, हे वैद्यकशास्त्रात नक्की झालेले आहे. पुरती बरी होण्याआधी मैदानात उतरणाऱ्याला तर फारच.

सोन्याचे वर्ष

असे असूनही ओवेन परत आला आणि त्याचे सर्वांत मोठे वर्ष दुखापतीनंतरच आले. २००१ मध्ये लिव्हरपूलने लीग कप, एफए कप आणि यूएफा कप असे तीन चषक जिंकले.

एफए कपचा अंतिम सामना १२ मे २००१ रोजी कार्डिफ येथे आर्सेनलविरुद्ध झाला. आर्सेनल वरचढ होता आणि ७२ व्या मिनिटाला त्याने गोलही केला. ८३ व्या मिनिटाला ओवेनने बरोबरी केली. ८८ व्या मिनिटाला पॅट्रिक बर्गरने मागून लांब चेंडू टाकला, ओवेन डाव्या बाजूने बचावपटूंच्या पुढे गेला आणि त्याने डाव्या पायाने तिरका फटका मारून सामना जिंकून दिला. ओवेनचा मूळ पाय उजवा. जो पाय कच्चा होता त्याच्यावर मेहनत घेतली होती, म्हणून तो ऐन वेळी कामी आला. कच्चा विषय सोडून देणाऱ्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा.

१ सप्टेंबर २००१ रोजी म्युनिक येथे विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात इंग्लंडने जर्मनीला त्यांच्याच घरी ५-१ असे हरवले. ओवेनने त्यात तीन गोल केले. वर्षाच्या शेवटी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर हा मान त्याला मिळाला. त्याच्या आधी स्टॅन्ली मॅथ्यूज, बॉबी चार्ल्टन आणि केव्हिन कीगन या तीनच इंग्रज खेळाडूंना तो मिळाला होता. ओवेननंतर आजवर एकाही इंग्रज पुरुष खेळाडूला मिळालेला नाही. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता.

उतार

२००४ मध्ये तो स्पेनच्या रियाल माद्रिद क्लबात गेला. तिथे रोनाल्डो आणि राऊल असल्यामुळे त्याला बहुतेक वेळा बाकावर बसावे लागे, तरी त्याने लीगमध्ये १३ गोल केले. २००५ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि न्यूकॅसलकडून खेळू लागला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला टॉटनहॅमविरुद्ध पायाच्या पंज्याचे हाड मोडले. २००६ च्या विश्वचषकासाठी तो कसाबसा तयार झाला. २० जून २००६ रोजी कोलोन येथे स्वीडनविरुद्धचा सामना सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते. कोणाशी टक्कर न होता त्याचा उजवा गुडघा मुरगळला आणि आतला मुख्य अस्थिबंध तुटला. तो रांगत मैदानाबाहेर गेला. ज्याला अर्जेंटिनाविरुद्ध पळताना पाहिले होते, त्याला रांगताना पाहणे फार जड गेले.

न्यूकॅसलकडे तो चार मोसम होता. या काळात लीगचे १५२ सामने झाले, त्यांतले तो ७१ खेळला. इंग्लंडकडून तो शेवटचा खेळला मार्च २००८ मध्ये. ८९ सामने, ४० गोल. वय फक्त अठ्ठावीस! ज्या वयात पुष्कळ आक्रमक खेळाडू भरात येतात, त्या वयात त्याचा आंतरराष्ट्रीय खेळ संपला होता.

२००९ मध्ये तो लिव्हरपूलच्या पिढीजात प्रतिस्पर्धी क्लबात, मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. लिव्हरपूलच्या पुष्कळ चाहत्यांना हे फार लागले आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या मनातली त्याची जागा नंतर पहिल्यासारखी राहिली नाही. लोकप्रियताही वेगासारखीच असते, ती कायमची गृहीत धरता येत नाही. २० सप्टेंबर २००९ रोजी मँचेस्टर सिटीविरुद्ध ९६ व्या मिनिटाला त्याने केलेला गोल अजून दाखवला जातो; युनायटेड तो सामना ४-३ असा जिंकला. २८ फेब्रुवारी २०१० च्या लीग कप अंतिम सामन्यात त्याने गोल केला, आणि त्याच सामन्यात पुन्हा मांडीचा स्नायू गेला. २०११ मध्ये प्रीमियर लीगचे विजेतेपद पदरात पडले. शेवटी एक मोसम स्टोक सिटीकडून खेळून मे २०१३ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. प्रीमियर लीगमध्ये त्याचे ३२६ सामन्यांत १५० गोल झाले.

निवृत्तीनंतर त्याने जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेवटची सहा-सात वर्षे आपल्याला मोकळ्या जागेत धावायची भीती वाटत होती, असे तो म्हणाला. पुढे मोकळे मैदान दिसले की मांडी पुन्हा फाटेल ही धास्ती. म्हणून तो बचावपटूंच्या मागे पळण्याऐवजी त्यांच्यापुढे येऊन पायात चेंडू घ्यायचा. अंगात कसब होते, डोके चालत होते, पण ज्यासाठी जग त्याला ओळखत होते ते करण्याचीच भीती. खेळ त्याला नकोसा झाला होता. विचार करा, एखाद्या गवयाला आपल्याच आवाजाची भीती वाटू लागली तर त्याचे काय होईल?

चूक कोणाची?

हा प्रश्न सोपा नाही. सतराव्या-अठराव्या वर्षी इतके सामने खेळवले नसते तर तो जास्त टिकला असता, असे पुष्कळ जण म्हणतात. पण त्याला संघाबाहेर ठेवले असते तर १९९८ चा तो गोल झालाच नसता, आणि स्वतः ओवेनलाही ते आवडले नसते. मुलगा खेळायला तयार, क्लबला गोल हवेत, देशाला विश्वचषक हवा, प्रेक्षकांना आनंद हवा. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर. फक्त त्या मांडीच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. तेव्हा या विषयाचे ज्ञानही आजच्याएवढे नव्हते.

उलट उदाहरणही आहे. मँचेस्टर युनायटेडचा रायन गिग्ज हा वेल्सचा खेळाडू. तोही तरुणपणी विजेसारखा पळायचा आणि त्यालाही याच स्नायूचा त्रास वारंवार व्हायचा. त्याने आहार-विश्रांतीकडे लक्ष दिले, आपला योग नियमित केला, वय वाढले तसा पळण्यावरचा भर कमी करून खेळ बदलला, आणि तो चाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. दोघांची दुखापत सारखी नव्हती, त्यामुळे एकाला शहाणा आणि दुसऱ्याला वेडा ठरवणे अन्यायाचे होईल. पण शरीराला वेळ दिला तर ते साथ देते, एवढे यातून नक्की दिसते.

आज प्रशिक्षकांना काय माहीत आहे? पहिले, खेळण्यापूर्वी अंग नीट गरम करावे. दुसरे, वेग एकदम न वाढवता आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवावा. तिसरे, हे स्नायू ताणले जात असताना बळकट करावेत. त्यासाठी एक सोपा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, साथीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर न वाकवता हळूहळू पुढे झुकत जायचे. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत ही दुखापत जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. चौथे, झोप. आणि वाढत्या वयातल्या मुलांबाबत एक विशेष गोष्ट : उंची भराभर वाढते तेव्हा हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्या वर्ष-दोन वर्षांत स्नायू आधीच ताणलेले असतात. आपले आठवी-नववीचे विद्यार्थी नेमके याच वयाचे असतात.

माझी चूक

इतके सगळे लिहिण्यामागे एक कारण आहे, ते आता सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो आणि खेळाचीही जबाबदारी माझ्याकडे होती. नववीत एक मुलगा होता. २०० मीटरमध्ये त्याच्या जवळपास कोणी नसे. आंतरशालेय स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मांडीत मागे खिंचाव वाटतोय." सकाळी त्याची १०० मीटरची फेरी झाली होती, दुपारी २०० ची अंतिम शर्यत आणि नंतर रिले होती. मी त्याच्या मांडीवर मलम चोळले आणि म्हटले, "बेटा, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. शाळेसाठी सहन कर." तो 'हो सर' म्हणाला. त्या वयात मुले दुसरे काय म्हणणार?

वळणावर तो पुढे होता. तिथेच तो पडला. मी धावत गेलो तेव्हा तो रडत म्हणत होता, "सॉरी सर." त्याला मी सॉरी म्हणायला हवे होते, तेव्हा मला ते सुचले नाही. मी पुढच्या रिलेसाठी कोण पळेल याचा विचार करीत होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते लिहिले पाहिजे.

तो बरा झाला, चालू-फिरू लागला, पण पुन्हा शर्यतीत उतरला नाही. ज्या माणसाने वर्गात स्नायूंचा धडा शिकवला होता, त्यानेच मैदानावर तो धडा विसरावा, याला काय म्हणावे?

गेल्या वर्षी प्रवेशाच्या दिवसांत एक गृहस्थ माझ्या खोलीत आले. मी ओळखले नाही, त्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा ओळखले. मुलीच्या प्रवेशासाठी आले होते. अर्ज भरून झाल्यावर म्हणाले, "सर, हिला पळायला फार आवडतं." आणि थोडे थांबून म्हणाले, "जरा लक्ष ठेवा." तक्रारीचा एक शब्दही त्यांनी काढला नाही. मी त्यांना इतक्या वर्षांनी 'माझी चूक होती' एवढे म्हटले. ते नुसते हसले. ती मुलगी आता आपल्याच शाळेत आहे आणि खरोखर छान पळते.

यंदाच्या क्रीडा-सप्ताहासाठी

म्हणून क्रीडा-शिक्षकांशी बोलून यंदापासून चार गोष्टी ठरवल्या आहेत :

१. एका विद्यार्थ्याला धावण्याच्या जास्तीत जास्त दोनच प्रकारांत भाग घेता येईल; रिलेसुद्धा यात धरली जाईल.

२. प्राथमिक फेऱ्या आणि अंतिम शर्यती एकाच दिवशी होणार नाहीत.

३. प्रत्येक शर्यतीपूर्वी सर्वांनी मिळून पंधरा मिनिटे अंग गरम करायचे. उशिरा येणाऱ्याला पळता येणार नाही, मग तो कितीही चांगला धावपटू असो.

४. 'दुखते आहे' असे जो सांगेल त्याला बसवले जाईल. त्याचे गुण कापले जाणार नाहीत, त्याच्या सदनाचेही नाही, आणि त्याला कोणी भित्रा म्हणणार नाही. शिक्षकही नाही, प्राचार्यही नाही.

पालकांना विनंती आहे की घरी मुलाने पाय दुखतो म्हटले तर 'नाटक करतो' असे लगेच म्हणू नये. आणि विद्यार्थ्यांना सांगणे आहे की सहन करणे हा गुण आहे, पण वेळेवर बोलणे हाही गुण आहे. अभ्यासातला कंटाळा सहन करा, हरण्याचे दुःख सहन करा. मांडीतला खिंचाव सहन करू नका, येऊन सांगा.

मायकेल ओवेनचा तो १९९८ चा गोल क्रीडा-सप्ताहाच्या पहिल्या दिवशी सभागृहात पडद्यावर दाखवणार आहोत. आवाज या वेळी मोठा ठेवू. पाहून झाल्यावर सगळ्यांनी मैदानावर यायचे, आणि आधी पंधरा मिनिटे अंग गरम करायचे.

सर्व खेळाडूंना मनापासून शुभेच्छा.

– आपला,
प्राचार्य